सर्टिफिकेट ठीक, तरी जॉब परत: मायक्रोमीटरच्या मापात वारंवार येणारा फरक कसा शोधावा

कारखान्यात मोजताना जो जॉब (बनवलेला भाग) मर्यादेत बसतो, तोच ग्राहकाच्या तपासणी कक्षात काही मायक्रॉनने (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने) कमी भरतो आणि परत येतो. मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला पाठवावा, तर प्रयोगशाळा तो ठीक असल्याचे लेखी देते. परत आल्यावर दोन आठवडे बरे जातात आणि मग पुन्हा तीच तक्रार आणि तीच डेबिट नोट. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतील एका लहान ग्राइंडिंग शॉपमध्ये मी गुणवत्ता विभाग पाहतो. आमच्याकडे ही अडचण सलग तीन उन्हाळे येत राहिली. उलगडा झाला तेव्हा कळले की दोष दोन होते, दोन्ही माप एकाच बाजूला ढकलत होते, आणि त्यांपैकी एकही कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्रावर दिसण्यासारखा नव्हता. ज्यांच्याकडे असाच फरक येत असेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून शोधाचा क्रम सविस्तर लिहितो.

जॉब साधाच होता. ८० मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा शाफ्ट, सिलिंड्रिकल ग्राइंडिंगवर फिनिश केलेला, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) स्मॉल एच ६. म्हणजे व्यास ८०.००० पासून ७९.९८१ मिलिमीटरपर्यंत चालतो. एकूण मोकळीक १९ मायक्रॉनची. मोजायला ७५ ते १०० मिलिमीटरचा डिजिटल मायक्रोमीटर होता, लीस्ट काउंट (दाखवता येणारे सर्वांत लहान माप) एक मायक्रॉन. आमची रीडिंग्ज ७९.९८५ ते ७९.९९२ च्या दरम्यान यायची, आणि पुण्याच्या ग्राहकाचा अहवाल सांगायचा की त्यांतले कित्येक शाफ्ट ७९.९७८ किंवा ७९.९७९ आहेत. ओव्हरसाइझ शाफ्ट पुन्हा मशीनवर चढवता येतो. अंडरसाइझ झालेला सरळ भंगारात जातो, म्हणून हा फरक आम्हांला विशेष महागात पडत होता.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही मायक्रोमीटर मुदतीआधीच कॅलिब्रेट करून आणला. दुसऱ्या उन्हाळ्यात नवा मायक्रोमीटर घेतला. तिसऱ्या उन्हाळ्यात मालकांनी तपासणी खोलीला एसी बसवला आणि सर्व मोजमाप साधने तिथे ठेवण्याचा नियम केला. एसी बसवल्यावर रिजेक्शन वाढले. त्या वेळी हे आम्हांला कोड्यासारखे वाटले. आता मागे वळून पाहता तोच सर्वांत मोठा धागा होता.

पुढे जाण्याआधी प्रमाणपत्र नेमके काय सांगते ते पाहावे लागेल, कारण बहुतेक गोंधळ तिथे सुरू होतो. कॅलिब्रेशनला पुस्तकी मराठीत अंशशोधन म्हणतात. ज्ञात मापाशी तुलना करून साधन कोणत्या बिंदूवर किती चुकते हे नोंदवणे आणि त्या नोंदीची अनिश्चितता सांगणे, एवढेच त्यात येते. शून्य जुळवणे किंवा स्क्रूचा ढिलेपणा काढणे हे समायोजन झाले, आणि साधन ठरलेल्या मर्यादेत बसते की नाही याचा निर्णय ही पडताळणी झाली. शॉपमध्ये मात्र ‘कॅलिब्रेशन करून आणा’ याचा अर्थ ‘दुरुस्त करून आणा’ असा घेतला जातो, आणि साधन परत आले की ते आता चुकणारच नाही अशी सर्वांची समजूत होते.

प्रयोगशाळेत आमचा मायक्रोमीटर २० अंश सेल्सिअसच्या आसपास राखलेल्या खोलीत पुरेसा वेळ ठेवला जातो. लांबीच्या मापांसाठी २० अंश हेच जगभर मान्य झालेले संदर्भ तापमान आहे. मग सपाट, स्वच्छ स्लिप गेज (अचूक मापाचे ठोकळे) घेऊन, रॅचेट (ठरावीक दाब आला की टिकटिकणारी कळ) वापरून, ठरावीक बिंदूंवर रीडिंग घेतले जाते. हे बिंदू २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९ असे विचित्र का असतात, हा प्रश्न नवीन मुले हमखास विचारतात. मायक्रोमीटरच्या स्क्रूची पिच, म्हणजे एका फेऱ्यात सरकणारे अंतर, साधारणपणे अर्धा मिलिमीटर असते. पाच, दहा, पंधरा असे पूर्ण आकडे घेतले, तर थिंबल (फिरवायची नळी) प्रत्येक वेळी त्याच कोनात येऊन थांबेल आणि एका फेऱ्याच्या आत असलेली स्क्रूची चूक कधीच पकडली जाणार नाही. वरच्या आकड्यांमुळे थिंबल दर वेळी वेगळ्या कोनात थांबते. आमच्या ७५ ते १०० च्या साधनाला याच आकड्यांत ७५ मिळवलेले असतात, त्यामुळे ८० च्या शाफ्टला सर्वांत जवळचा बिंदू ८०.१ चा. तिथे प्रमाणपत्रावर चूक होती अधिक एक मायक्रॉन. म्हणजे स्क्रू निर्दोष होता, आणि प्रयोगशाळेने लिहिलेले सर्व खरे होते. मात्र ते लिहिलेले त्या खोलीपुरते, त्या दिवसापुरते आणि त्या गेजांपुरते होते.

‘त्या दिवसापुरते’ याचा अनुभव सांगलीकरांना २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात आला. नदीकाठच्या एका परिचिताच्या वर्कशॉपमध्ये पाणी शिरले. स्लिप गेजची पेटी चार दिवस बुडून राहिली. त्यांनी ती गेज पुसून, तेल लावून ठेवली आणि मला विचारले की प्रमाणपत्राची मुदत अजून सहा महिने आहे, तर चालतील ना. मुदत कागदाची होती. गंजाने पृष्ठभागावर खड्डे पडलेली गेज एकमेकांना चिकटेनाशी झाली होती, आणि जी गेज अशी नीट चिकटत (शॉपच्या भाषेत ‘रिंग’ होत) नाहीत, त्यांचे माप संचात धरण्यात अर्थ उरत नाही.

आता शोधाकडे वळतो. फरक आढळला की पहिला प्रश्न ‘किती’ असा विचारला जातो. माझ्या मते त्याआधी ‘कोणत्या बाजूला’ हे विचारावे, कारण बाहेरचा व्यास मोजताना बरीचशी कारणे माप एकाच ठरावीक बाजूला नेतात. जॉब मायक्रोमीटरपेक्षा गरम असेल, तर रीडिंग खऱ्यापेक्षा जास्त येते. मायक्रोमीटरची फ्रेम हाताच्या उबेने किंवा उन्हाने तापली असेल, तर ॲन्विल (स्थिर तोंड) आणि स्पिंडल (सरकणारे तोंड) यांमधले अंतर वाढते आणि रीडिंग कमी येते. रॅचेट सोडून थिंबल हाताने आवळले, तर रीडिंग कमी येते. ॲन्विलच्या तोंडावर खळगा पडला असेल, तर गोल शाफ्ट त्यात बसतो आणि रीडिंग कमी येते. सेटिंग रॉड (ज्यावर साधन जुळवतात तो ठरावीक लांबीचा दांडा) झिजून आखूड झाला असेल, तर रीडिंग जास्त येते. रॉडच्या टोकाला बुरी (धातूचा उठलेला बारीक कंगोरा) किंवा मळ असेल, तर कमी येते. आमचे रीडिंग ग्राहकापेक्षा नेहमी जास्त असायचे, एकदाही कमी नव्हते. एवढ्यावरून आवळण्याची सवय, झिजलेले ॲन्विल आणि हाताची ऊब ही तिन्ही कारणे मुख्य संशयितांच्या यादीतून बाहेर पडली. गरम जॉब आणि आखूड रॉड ही दोन राहिली. हे गणित आम्ही पहिल्या उन्हाळ्यातच केले असते, तर दोन वर्षे वाचली असती.

दुसरी गोष्ट म्हणजे परत आलेल्या जॉबची विभागणी. दोन ग्राइंडिंग मशीनपैकी कोणत्या मशीनचे, कोणत्या पाळीचे आणि कोणत्या माणसाचे जॉब परत येतात, हे रूट कार्डांवरून (जॉबबरोबर फिरणाऱ्या नोंदपत्रांवरून) काढले. मशीनवरून काहीच दिसेना. माणसावरून मात्र स्पष्ट दिसले: सगळा शॉप ज्यांना तात्या म्हणतो, त्या आमच्या सर्वांत जुन्या ग्राइंडरचा एकही शाफ्ट परत आलेला नव्हता. त्यांच्याजवळ उभे राहून पाहिले, तर ते जॉब काढल्याबरोबर फक्त अंदाजासाठी मोजतात आणि नोंद करत नाहीत. दहा जॉब लोखंडी ट्रेमध्ये मांडतात, चहा पिऊन येतात आणि मग एकेक मोजून लिहितात. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “साहेब, मीटर बरोबर हाय, पर जॉब तापल्याला असतोय. तापलेलं लोखंड खोटं बोलतंय.” हे त्यांना कोणी शिकवले होते ते त्यांना आठवत नव्हते. बाकीच्या मुलांना प्रॉडक्शनची घाई असे. ती जॉब काढून, फडक्याने पुसून, लगेच मोजून, रजिस्टरमध्ये लिहून मोकळी होत.

स्टील एक अंश तापले की एक मीटरला सुमारे ११.५ मायक्रॉन वाढते. ८० मिलिमीटरला ही वाढ अंशामागे ०.९२ मायक्रॉन पडते. व्यवहारात एक अंशाला एक मायक्रॉन धरला तरी चालेल. एप्रिलमधील एका दुपारी तीन वाजता मी पृष्ठभागाला टेकवायच्या थर्मामीटरने तापमाने घेतली. मशीनवरून नुकताच उतरवलेला शाफ्ट ४३ अंश, शॉपमध्ये ठेवलेला मायक्रोमीटर आणि त्याचा सेटिंग रॉड ३४ अंश. दुपारपर्यंत कूलंटची टाकीच तापलेली असते, त्यामुळे सकाळचा पहिला जॉब आणि दुपारचा जॉब यांत पाच-सहा अंशांचा फरक सहज पडतो. तो एकच शाफ्ट जाड बिडाच्या सरफेस प्लेटवर ठेवून, दर दहा मिनिटांनी, मायक्रोमीटर स्टँडमध्ये धरून मोजत गेलो. पहिले रीडिंग ७९.९९२ आले. दहा मिनिटांनी ७९.९८९, वीस मिनिटांनी ७९.९८६, मग ७९.९८४, आणि त्यानंतर ते हलले नाही. नऊ अंशांना गणिताने ८.३ मायक्रॉन येतात. प्रत्यक्षात आठ मिळाले.

एसीने बिघाड का केला हे आता कळेल. पूर्वी मायक्रोमीटर शॉपमध्येच ३४ अंशांवर असायचा. नव्या नियमाप्रमाणे तो २४ अंशांच्या खोलीत राहू लागला, तिथेच त्याचे शून्य जुळवले जाऊ लागले आणि तिथून तो थेट ४३ अंशांच्या शाफ्टवर जाऊ लागला. फरक नऊ अंशांचा होता, तो एकोणीस अंशांचा झाला. म्हणजे पहिल्या काही मिनिटांत साडेसतरा मायक्रॉनपर्यंत चूक, आणि पूर्ण टॉलरन्स १९ चा. शिवाय मायक्रोमीटर शॉपमध्ये हळूहळू तापत जाई, त्यामुळे चूक दर अर्ध्या तासाला बदलत असे आणि कोणत्याही दोन माणसांची रीडिंग्ज जुळत नसत.

इथे एक बारकावा आहे आणि तो ऑडिटच्या वेळी फार उपयोगी पडतो. स्टीलचा जॉब, स्टीलचा मायक्रोमीटर आणि स्टीलचा सेटिंग रॉड तिन्ही एकाच तापमानाला असतील, तर ते तापमान ३४ असले तरी चूक जवळजवळ उरत नाही, कारण तिन्ही सारख्याच प्रमाणात वाढलेले असतात. म्हणून एसीचा खर्च परवडत नसेल, तर तिघांना एकाच प्लेटवर शेजारी शेजारी ठेवणे हा बिनखर्चाचा आणि पुष्कळदा अधिक खात्रीचा उपाय आहे. किती वेळ ठेवायचे याला एकच आकडा नाही. जॉबचे वजन, प्लेट आणि वारा यांवर ते अवलंबून असते. लागोपाठ दोन रीडिंग्ज दहा मिनिटांच्या अंतराने सारखी आली की तापमान सारखे झाले असे समजावे.

ॲल्युमिनियमला ही सवलत मिळत नाही. ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण दुप्पट, म्हणजे मीटरला अंशामागे २३ मायक्रॉनच्या आसपास वाढते. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या एका कव्हरचा १०० मिलिमीटरचा स्पिगॉट (बाहेर आलेला गोल भाग) होतो. सर्व काही ३४ अंशांवर स्थिरावले असले, तरी २० अंशांपेक्षा १४ अंश जास्त आहेत, आणि दोन धातूंच्या वाढीतील ११.५ चा फरक धरला तर रीडिंग १६ मायक्रॉनने जास्त येते. तिथे एक तर थंड खोलीतच मोजावे लागते किंवा ही दुरुस्ती वजा करून नोंद करावी लागते. वजा करायची, मिळवायची नाही, हे रजिस्टरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. मी हा गोंधळ स्वतः केलेला आहे. प्रमाणपत्रातही हेच होते. रीडिंगमधून खरे माप वजा केले की येते ती चूक. दुरुस्ती तिच्या उलट चिन्हाची असते. प्रमाणपत्रावर अधिक चार लिहिले असेल, तर रीडिंगमधून चार काढायचे असतात.

तापमानाचा हिशेब लागल्यावरही तीन-चार मायक्रॉन शिल्लक होते. थंड होऊन ७९.९८४ वर स्थिरावलेला तो शाफ्ट खूण करून ग्राहकाकडे पाठवला, तेव्हा त्यांचे माप ७९.९८० आले. इथे दुसरा दोष सापडला, आणि ‘दोन आठवडे बरे जातात’ या कोड्याचे उत्तरही.

७५ ते १०० चा मायक्रोमीटर पूर्ण मिटत नाही, म्हणून त्याचे शून्य ७५ मिलिमीटरच्या सेटिंग रॉडवर जुळवतात. आम्ही दर वर्षी मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला पाठवत होतो. रॉड मात्र कपाटातच राहत होता. प्रयोगशाळा स्वतःच्या ७५ च्या स्लिप गेजवर मायक्रोमीटर जुळवत असे आणि मग पुढची रीडिंग्ज घेत असे, त्यामुळे आमच्या रॉडची चूक प्रमाणपत्रात येण्याचे कारणच नव्हते. साधन परत आले की काही दिवस प्रयोगशाळेने जुळवलेलेच मूळ माप चालू राही आणि काठावरचे जॉब वाचत. मग बॅटरी बदलताना किंवा कोणाला शंका आली म्हणून कोणीतरी आमच्या रॉडवर पुन्हा जुळवणी करी, आणि तक्रार परत सुरू होई. शेवटी रॉड मायक्रोमीटरबरोबर पाठवला. त्याचे माप आले ७४.९९७. तीन मायक्रॉन आखूड असलेल्या रॉडवर ७५.००० लावले की त्यापुढचे प्रत्येक माप तीन मायक्रॉनने फुगलेले दिसणार. ७९.९८४ मधून तीन काढा, ७९.९८१ राहतात, ग्राहकाच्या आकड्याशी एका मायक्रॉनचा फरक, आणि तेवढा दोन ठिकाणच्या मापांत नेहमीच राहतो.

आपण ज्याला ट्रेसेबिलिटी म्हणतो, ती साखळी इथे तुटलेली होती. १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाने निर्वात पोकळीत सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात कापलेले अंतर अशी आहे. देशात लांबीचे राष्ट्रीय मानक दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते, तिथून मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची गेज, त्यांवरून आमचा मायक्रोमीटर, असे दुवे एकाखाली एक येतात. दिल्लीपासून कुपवाडपर्यंत सगळे दुवे शाबूत होते आणि शेवटचा आमच्याच कपाटात निखळला होता. हीच गोष्ट छिद्राचा आतला व्यास मोजणाऱ्या बोअर डायल गेजच्या बाबतीत सर्रास घडते: ते मास्टर रिंगऐवजी (ज्ञात व्यासाच्या कडीऐवजी) मायक्रोमीटरवर जुळवले जाते, आणि मायक्रोमीटरची चूक जशीच्या तशी बोअरमध्ये उतरते.

ज्यांच्याकडे फरक उलट बाजूचा, म्हणजे स्वतःचे रीडिंग कमी असा असेल, त्यांनी ॲन्विलकडे आधी पाहावे. वर्षानुवर्षे एकाच जातीचा गोल जॉब एकाच जागी मोजला की तोंडावर डोळ्यांना न दिसणारी खाच पडते. प्रयोगशाळेचे सपाट गेज त्या खाचेवर पुलासारखे दोन्ही कडांवर टेकते आणि माप अचूक येते. गोल शाफ्ट मात्र खाचेत उतरतो. प्रमाणपत्र ठीक आणि माप चूक यांचे हे अगदी नेमके उदाहरण आहे. ऑप्टिकल फ्लॅट (अत्यंत सपाट पारदर्शक चकती) ॲन्विलवर टेकवून एकरंगी प्रकाशात पाहिले, तर पट्टे दिसतात. एक पट्टा साधारण ०.३ मायक्रॉनचा, आणि पट्टे सरळ नसून वळलेले किंवा गोल दिसले तर तोंड सपाट राहिलेले नाही. प्रयोगशाळेला साधन देताना दोन्ही तोंडांचा सपाटपणा आणि समांतरपणा तपासून लिहून द्या असे ऑर्डरमध्येच नमूद करावे, कारण न मागितलेली तपासणी केलीच जाईल असे गृहीत धरता येत नाही.

रॅचेटबद्दल फार लिहीत नाही. त्याचा दाब साधारण ५ ते १० न्यूटनचा असतो. शून्य जुळवताना आणि जॉब मोजताना एकाच पद्धतीने, तेवढ्याच टिकटिकीला थांबावे, इतके पुरे.

आमच्या एमएसए अभ्यासाने (मापन पद्धतीच्या तपासणीने) हे सर्व आधीच का दाखवले नाही, असा प्रश्न ग्राहकाने विचारला होता. आमचा गेज आर अँड आर, म्हणजे साधन आणि माणसे यांमुळे मापात पडणारा फरक, १८ टक्के होता. दहा टक्क्यांच्या आत उत्तम, दहा ते तीस अटींसह चालण्याजोगा, या सर्वमान्य निकषावर तो वाईट नव्हता. पण तो अभ्यास आम्ही तपासणी खोलीत, सकाळी, आदल्या दिवशीच्या थंड जॉबवर केला होता. तिघेही माणसे एकाच आखूड रॉडवर जुळवलेल्या मायक्रोमीटरने सुरेख एकसारखे चुकत होते. मापे एकमेकांशी जुळणे आणि मापे खरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा अभ्यास मुख्यतः पहिलीच पाहतो.

दोष काढल्यावर जी व्यवस्था बसवली ती अशी. दुरुस्तीचा आकडा लक्षात ठेवण्यापेक्षा साधने बदलणे बरे, म्हणून आखूड रॉड बाद करून नवा घेतला. तो आता मायक्रोमीटरची जोडी समजूनच कॅलिब्रेशनला जातो, आणि दोघांवर एकच ओळख क्रमांक आहे. मायक्रोमीटर एसी खोलीतून पुन्हा शॉपमधल्या प्लेटवर आला. आमच्याच एका चांगल्या शाफ्टचे माप प्रयोगशाळेतून काढून आणले, तो पेट्रोलियम जेली लावून प्लेटजवळच्या लाकडी पेटीत ठेवला, आणि त्याला ‘घरचा मास्टर’ असे नाव पडले. साडेआठ, दीड आणि चार वाजता तो पुसून मोजायचा आणि भिंतीवरच्या आलेखात टिंब काढायचे. टिंब दोन मायक्रॉनच्या बाहेर गेले, तर मागच्या टिंबापासूनचे सर्व जॉब थांबवायचे. वार्षिक कॅलिब्रेशनची वाट पाहिली असती, तर तेच कळायला वर्ष लागले असते.

मर्यादाही आवळल्या. माप स्वतःच दोन-तीन मायक्रॉन अनिश्चित असेल, तर ७९.९८१ असे रीडिंग आलेला शाफ्ट पास आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. आयएसओ १४२५३ च्या पहिल्या भागातील नियमही हेच सांगतो: माल मर्यादेत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी पुरवठादारावर असेल, तर त्याने अनिश्चितता दोन्ही टोकांतून वजा करायची. आम्ही तीन मायक्रॉन धरून शॉपसाठी ७९.९८४ ते ७९.९९७ अशी मर्यादा लावली. १९ च्या जागी १३ उरल्याने मशीनवरच्या माणसांनी कुरकुर केली, आणि ती रास्त होती. पण हेच माप कोणी शंभरांशाच्या, म्हणजे दहा मायक्रॉन लीस्ट काउंटच्या मायक्रोमीटरने घेत असेल, तर त्याने टॉलरन्सचा अर्धा भाग सुरुवातीलाच गमावला आहे हे लक्षात घ्यावे. तसेच डिजिटल पडद्यावर एक मायक्रॉन दिसतो म्हणून साधन एका मायक्रॉनपर्यंत खरे असते असेही नाही. या आकाराच्या मायक्रोमीटरला तीन ते पाच मायक्रॉनची चूक सामान्यतः मान्य असते.

मुदतीच्या स्टिकरविषयी एक गैरसमज दूर करावा लागेल. पुढची तारीख प्रयोगशाळा ठरवते असे बहुतेकांना वाटते. आयएसओ १७०२५ प्रमाणे ग्राहकाशी तसे ठरलेले नसेल, तर प्रमाणपत्रावर पुढच्या कॅलिब्रेशनची शिफारस नसावी. मुदत साधनाच्या मालकाने, वापर आणि मागचा इतिहास पाहून ठरवायची असते. रोज तीनशे शाफ्ट मोजणारा मायक्रोमीटर आणि महिन्यातून दोनदा कपाटाबाहेर येणारा मायक्रोमीटर यांना सारखेच एक वर्ष देणे मला पटत नाही. आमच्या पहिल्याची मुदत आता सहा महिने आहे, दुसऱ्याची दोन वर्षे. साधन प्रयोगशाळेतून मोटारसायकलच्या डिकीत घालून आणले जाते, तेव्हा शॉपमध्ये आल्यावर ते आधी घरच्या मास्टरवर मोजून मगच वापरात द्यावे, हेही त्यातच आले.

या उन्हाळ्यात मे महिन्याच्या दुपारीही आमचे आणि ग्राहकाचे माप दोन मायक्रॉनच्या आत राहिले. आलेखावर एक गोष्ट अजून सुटलेली नाही: दुसऱ्या पाळीत एका ठरावीक माणसाची टिंबे इतरांपेक्षा सातत्याने दीड-दोन मायक्रॉन खाली पडतात. बाजू खालची आहे, म्हणून संशय रॅचेटवर आहे. येत्या सोमवारी चारच्या टिंबाला मी त्याच्याशेजारी उभा राहून टिकटिक मोजणार आहे.